मागे वळून घेतलेलं नाव

तांडा, आर्णीजवळ
२ सप्टेंबर २०२५

प्रिय दीपमाला,

अरुणावतीच्या काठी आपण एकदा भाकरी खाल्ली होती, आठवतं का तुला? काही सण नव्हता. तुझ्या शाळेला सुट्टी होती आणि तुझ्या आईला पाण्यात पाय सोडून बसायचं होतं, एवढंच. तू फ्रॉक गुडघ्यापर्यंत गोळा करून मासोळ्या पकडत होतीस, एकही सापडली नाही म्हणून रुसलीस. उन्हं उतरली तशी आम्ही डबे भरले आणि निघालो. चार पावलं गेल्यावर तुझी आई थांबली, नदीकडे वळली आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारायला लागली. तुझं, माझं, तुझ्या बापूचं, स्वतःचंसुद्धा. प्रत्येक नावानंतर तिच्या भाषेतलं ते 'एन्ताको'. चला, निघू या.

पलीकडे कपडे धुणाऱ्या बायका हसल्या. एक म्हणाली, "बाई, समोर तर उभे हायेत सारे, कोनाले बलावून राह्यली?"

तू तिच्यापेक्षा मोठ्यांदा हसलीस. आई मात्र ओशाळली नाही. घरी येताना तिने मला समजावलं होतं. अंग उठतं आणि चालू लागतं, पण आतला जो जीव असतो, ज्याला त्यांच्या मनिलाकडच्या डोंगरातल्या कंकनाए लोकांत अब-अबीक म्हणतात, तो पोरासारखा असतो. जिथे रमला तिथे रेंगाळतो, जिथे दचकला तिथे खिळतो. त्याला नाव घेऊन सोबत न्यावं लागतं. नाही नेलं तर माणूस घरी येऊनही घरी येत नाही.

परवा तुझा निरोप आला. दोन वर्षांत पहिला. "फुफी, आईला ती पडली त्या जागेवरून कुणी हाक मारून आणलं का? इथे मावशी रोज विचारते." बस, एवढाच. तू तुझ्या आईच्या गावात पोचलीस हेही मला त्यातूनच कळलं.

फोनवर बोटांनी टाइप करून याचं उत्तर देणं मला जमेना. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात दर रविवारी सिस्टर आम्हाला घरी पत्र लिहायला बसवत, तीच सवय हाताला आहे. कागदावर लिहिते आणि फोटो काढून पाठवते. तुमच्या डोंगरात नेटवर्क लागेल तेव्हा वाच.

उत्तर असं आहे, बेटा. नाही. कुणी हाक मारली नाही.

राळेगावच्या लग्नाहून तुझा बापू प्रेमसिंग आणि तुझी आई मोटरसायकलवर परतत होते. कपाशीतून नीलगाय, आपली रोही, रस्त्यावर आली, गाडी घसरली, हे तुला माहीत आहे. पुढचं मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू ऐकायला थांबली नाहीस. माणसं धावली, कुणाच्या तरी गाडीत तिला घातलं. तिथेच संपली होती ती. आमचे लोक त्या जागेवर नारळ फोडून निघाले, आणि निघताना तांड्याचे मुख्य म्हणून बाबुलाल नायकांनी सगळ्यांना बजावलं की कोणी मागे वळून पाहायचं नाही. आपल्यात तसंच असतं. वळून पाहिलं तर गेलेला माणूस मायेने मागे येतो, त्याची वाट अडते. म्हणून कुणी पाहिलं नाही. तुझ्या बापूला दोघांनी धरलं होतं, त्याने मान वळवली तर त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला.

जी बाई नदीवरून निघतानाही मागे वळल्याशिवाय निघाली नाही, तिला आम्ही पाठ करून आलो. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. ती पुढे सुखाने जावी म्हणूनच केलं सगळं.

आता लिहितेच आहे तर तेही लिहिते, जे कुणाशी बोलले नाही. ओसरीच्या खांबाला ती विणायचा पट्टा बांधायची ना, कमरेला दुसरं टोक अडकवून बसायची, लाकडी पट्टीने धागा ठोकायची. दुपारी, ताटं घासून झाली की, तो ठक्क आवाज अजून येतो. तुझ्या आईनंतर मी यवतमाळहून इथे राहायला आले तेव्हा वाटलं शेजारी कुणी काही ठोकतंय. शेजारी आता कुलूप आहे.

तुझी,
पुष्पाफुफी


तांडा
२३ ऑक्टोबर २०२५

प्रिय दीपमाला,

तू लिहिलंस की जागेवर जाऊन हाक मारा आणि तिचं पांघरूण सोबत न्या. मी लगेच तयार झाले होते. तुझ्या बापूपाशी विषय काढला. तू त्याला आता 'तुझा भाऊ' म्हणतेस, मी अजून 'तुझा बापू'च लिहिणार.

तो म्हणाला, "त्या रस्त्यानं मी जाणार नाही. मले तिचं जे करायचं होतं ते झालं." आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बसला. त्याचं रोजचंच आहे. संध्याकाळी अंगणात एक खुर्ची स्वतःला घेतो, एक समोर ठेवतो. समोरची रिकामी. कोणी पाहुणा तिच्यावर बसायला गेला तर म्हणतो, पाय मोडलाय तिचा. मोडलेला नाही. मी बसून पाहिलं आहे.

खुर्चीच्या वादावरूनच तर तू घर सोडून गेलीस. आई गेली तेव्हा दुबईच्या विमानतळावरून तू फोनवर ओरडत होतीस, तिला बसवून ठेवा, मी येतेय, जाळू नका. इथे कुणाला कळलं नाही तू काय मागतेस ते. मला कळलं होतं. तुझ्या आईने मला सांगितलं होतं की त्यांच्याकडे गेलेल्या माणसाला अंगणातल्या खुर्चीवर बसवतात, पांघरुणात गुंडाळून, आणि दुरून माणसं येईपर्यंत त्याच्याशी बोलत बसतात. रागावायचं असेल तर रागावतात. कुणी त्याला टोमणेही मारतं, कुणी गातं. मी म्हटलं होतं, एडना, भीती नाही वाटत? ती म्हणाली, आपल्याच माणसाची?

मी बाबुलाल नायकांना तुझं म्हणणं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. डोळे पुसत होते. पण म्हणाले, "पुष्पा, चिरफाड झालेली बाई खुर्चीत कशी बसवू? अन् दिवस बुडायच्या आत न्या लागते."  तुझ्या बापूचं तोंड जे मिटलं ते मिटलं. तू आलीस तेव्हा राख होती. ट्रंकेतून तू ते पांघरूण काढलंस आणि विचारलंस, आता यात कोणाला गुंडाळू? ते त्याच्या मांडीवर टाकलंस आणि गेलीस. ते त्याने घडी घालून परत ठेवलं, मी पाहिलं. घडी घालायला त्याला फार वेळ लागला.

तुला याडीचं, माझ्या आईचं, सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल इथे सगळं फक्त वाईटच. तुझी आजी आता जवळजवळ आंधळी झाली. दिवसभर दाराच्या उंबऱ्यापाशी पाय पसरून बसते. कोणी आत जायला आलं की पावलांवरून ओळखते आणि पाय आखडते, जाऊ देते, पुन्हा पसरते. बकरीने पीठ खाल्लं तर अजून म्हणते "इनायन!" तुझ्या आईचा तो शब्द तिने उचलला तो उचललाच. करू नये असं काही केलं की इनायन. तांड्यातल्या बायका विचारतात, बसंतीबाई, ही कोनती बोली? ती म्हणते, "माह्या सुनेची."

कुवेतहून तुझी आई पहिल्यांदा आली तेव्हा याडी तोंड फिरवून बसली होती. चपट्या नाकाची, परमुलखातली, सून म्हणून कशी मिरवायची? तुझी आई पाया पडायला वाकली आणि याडीच्या हातांवरचं गोंदण पाहून तिथेच बसली. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण. तिच्या आईच्या आणि आजीच्या हातांवरही तसंच होतं, रांगारांगांचं. ती ते हात धरून जी रडायला लागली, की याडीने शेवटी विचारलं, "हिले भूक लागली का?" तिथून जमलं त्यांचं. तांड्यात थाळी वाजली की तुझी आई दोन्ही हात पसरून, पक्ष्यासारखी हळूहळू फिरत नाचायची, त्यांच्या गावात काशाच्या गाँगवर नाचतात तसं, आणि याडी मांडीवर ताल धरायची. चुलीवरच्या धुरात तिने खारवलेलं मटण टांगलं तेव्हा आठ दिवस घरात भांडण झालं. नंतर ते मटण चोरून कोण खात होतं हे तुला माहीत आहे.

आता मूळ गोष्ट. काल आपला धबुकार झाला. दिवाळीच्या पाडव्याला घरातल्या गेलेल्यांची नावं घेऊन निखाऱ्यात लापशी आणि तूप सोडतात ते. गेल्या वर्षी तुझा बापू दुखणं काढून झोपून राहिला होता. या वर्षी नायक त्याला हाताला धरून घेऊन बसले. तो आमच्या बापाचं नाव बोलला, आजोबांचं बोलला. मग थांबला. बोटांवरून तूप ओघळत होतं. नायकांनी हळूच सुचवलं, "इंदूबाई."

तांड्यात तिला सगळे इंदूच म्हणायचे. एडना कुणाच्या जिभेवर बसेना.

प्रेमसिंग म्हणाला, "ते तिचं नाव न्हाय."

नायक म्हणाले, "मग कागदावरचं घे."

"तेही न्हाय. त्या नावानं हाक मारली तर ती कायले येईन?"

तूप विस्तवात पडलं, नाव पडलं नाही. तो उठून गेला. संध्याकाळी अंगणात मी पहिल्यांदाच त्याच्यादेखत त्या समोरच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्याने मला उठवलं नाही. मग म्हणाला, "ताई, दुपारी तुलेही आवाज येते का?"

मी हो म्हटलं.

तो म्हणाला, "मले वाटे मलेच येते." आणि थोड्या वेळाने, "काकाच्या लखनले विचार, जीप कधी रिकामी हाय."

तुझी,
फुफी


यवतमाळ
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दीपमाला,

हे यवतमाळला माझ्या जुन्या घरी बसून लिहिते आहे. चादरी न्यायला म्हणून आले, खरं म्हणजे हे लिहायला आले.

काल गेलो. लखन, म्हणजे आपल्या काकांचा, गाडी चालवायला. तो पूर्ण रस्ता बडबडत होता, भीती वाटली की त्याची जीभ सुटते. कळंबच्या पुढे चहा प्यायला थांबलो तर म्हणाला, "पुष्पाताई, बोलावल्यावर भलतंच कोनी येऊन बसलं तर? माह्या गाडीचा पासिंग सहा सवाऱ्यांचा हाय." प्रेमसिंग हसला. दोन वर्षांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून लखनला मी काही बोलले नाही.

पांघरूण माझ्या मांडीवर होतं. तुझ्या तिकडच्या आजीने ते विणलं आणि तुझी आई कुवेतला निघाली तेव्हा तिच्या सामानात घातलं, परदेशात मेलीस तर उसनं घ्यावं लागू नये म्हणून. एवढं सरळ सांगून. तुझी आई हे हसत सांगायची. वर पोचल्यावर आधीचे लोक त्याचे पट्टे पाहून ओळखतात म्हणे, ही कोणाच्या घरची. पांढऱ्यावर निळे-काळे पट्टे आणि कडेला लाल. डांबराच्या गोळ्यांचा वास होता त्याला, दुसरा कसलाच नाही.

जागा मला सापडली नसती. प्रेमसिंगने लांबूनच सांगितलं, "त्या बाभळीपाशी." आणि गाडी थांबल्यावर तो उतरला नाही. समोरच्या सीटला धरून बसून राहिला. कपाशी फुटली होती, वेचणाऱ्या बायका दूर होत्या. मी एकटीच रस्त्याच्या कडेला गेले, पांघरूण पसरलं आणि हाक मारली. एडना, एन्ताको. इंदू, एन्ताको. तू कळवलेले शब्द मी हातावर लिहून नेले होते, तेही म्हटले. वारा नव्हता. काहीच नव्हतं. मला शाळेत नाटकात उभं केल्यासारखं वाटलं, शब्द पाठ पण समोर कोणी नाही. सवयीने मी बोर्डिंगमधली प्रार्थनासुद्धा म्हटली. तुझी आई आणि मी तांदूळ निवडताना ती दोघी मिळून गायचो, तिची चाल वेगळी, माझी वेगळी. मग मी रडायला लागले आणि हाका थांबल्या.

पाठीमागे जीपचं दार वाजलं. तो लंगडत आला, अपघातापासून तसाच चालतो. आमच्या लोकांत नवरा बायकोचं नाव घेत नाही, तुला माहीत आहे. संसारभर तो तिला 'अगं' किंवा 'दीपाची याडी' म्हणत आला. तो पांघरुणाच्या टोकाशी उभा राहिला आणि म्हणाला, "गवानी."

हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं, दीपा. तू ऐकलं होतंस का? तिच्या आजीचं नाव. लहानपणी ती सारखी आजारी पडायची, म्हणून तिला ते देऊन तिच्या आजीला पाठीशी उभं केलं होतं. लग्नाआधी कुवेतच्या हॉस्पिटलच्या जिन्यात बसून तिने फक्त त्याला सांगितलं होतं.

"गवानी," तो म्हणाला, "त्या दिवशी मी मागं पाहून राह्यलो होतो. त्यायनं डोळे झाकले माहे. आव. घर चाल."

मोठ्यांदा नाही. शेजारी बसलेल्या माणसाला म्हणावं तसं.

काय झालं ते जसं झालं तसंच लिहिते, तू काय मानायचं ते मान. वारा तेव्हाही सुटला नाही. कपाशीत लांबवर एक रोही उभी होती, ती आधीपासून होती की नाही मला सांगता येणार नाही. आम्ही दोघांनी पांघरुणाची टोकं धरली आणि घडी घातली. उचलायला मला जड गेलं. सकाळी मी एका हाताने उचललं होतं. प्रेमसिंगने माझ्याकडे पाहिलं आणि ते स्वतःच्या हातात घेतलं.

निघताना तो वळला. बाभळीकडे तोंड करून त्याने आमची सगळ्यांची नावं घेतली. माझं, लखनचं, स्वतःचं. लखन, इतका बडबड्या, "हो" म्हणाला.  परतीच्या रस्त्यात प्रेमसिंग मागच्या सीटवर एका कडेला सरकून बसला होता. बाकीची सीट रिकामी होती, त्याला अंग चोरून बसायची काही गरज नव्हती. अरुणावतीच्या पुलावर त्याने त्या रिकाम्या जागेला हलकेच म्हटलं, "पूल हाय." गाडी पलीकडे गेल्यावर म्हणाला, "झाला."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. याडी उंबऱ्यापाशी. मी आत गेले, तिने पाय आखडले आणि पसरले. लखन पाण्याची कॅन घेऊन गेला, तिने पाय आखडले आणि पसरले. प्रेमसिंग पांघरूण घेऊन गेला, आखडले, पसरले.

मग तिने पुन्हा पाय आखडून घेतले. दारात कोणी नव्हतं. ती थोडा वेळ तशीच पाय जवळ घेऊन बसली, मग सावकाश पसरले आणि म्हणाली, "उशीर केला बाप्पा."

आम्हाला म्हणाली असेल. उशीर झालाच होता.

फुफी


तांडा
४ जानेवारी २०२६

प्रिय दीपमाला,

ठक्क आवाज थांबला. त्या दिवसापासून एकदाही आला नाही. सुटका वाटायला हवी होती. दुपारी ताटं घासून मी कान लावून बसते आणि घर इतकं गप्प असतं की मला पुन्हा ती गेल्यासारखं वाटतं. समोरच्या खुर्चीवर आता पांघरूण ठेवलेलं असतं. संध्याकाळी तुझा बापू तिच्याशी बोलतो. दोन वर्षांचं साठलेलं आहे, कपाशीच्या भावापासून तुझ्यापर्यंत. तू म्हणायचीस तसंच झालं शेवटी, तिला बसवून ठेवलं आहे. बाबुलाल नायक परवा आले, खुर्चीसमोर उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "माय, चूक झाली असन तर पोटात घाल." चहा न पिता गेले.

पण तिला इथे ठेवायचं नाही, असं तोच म्हणाला. तुझी मावशी म्हणते त्याप्रमाणे तिच्या जीवाची वाट त्या डोंगरातून आहे. पांघरूण पार्सलने पाठवायचं मी सुचवलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी याडीला पार्सल करायला सांगितलं. पासपोर्ट नवा करून आणला. व्हिसा झाला. नागपूरहून मुंबई, तिथून मनिला, तिथून रात्रीची बस तुझ्या डोंगरापर्यंत, लखनच्या पोरीने सगळं लिहून त्याच्या खिशात ठेवलं आहे. प्रत्येक पुलावर तो 'पूल हाय' म्हणणार, समुद्रावर किती वेळ म्हणत बसेल देव जाणे.

तुझ्या निरोपात तू लिहिलंस, 'पांघरूण पोचवा.' कोणी आणायचं ते लिहिलं नाहीस. मी ती तुझी परवानगी समजते. बसस्टॉपवर उभी राहा. दुरून ओळखू येणार नाही, वाळला आहे तो.

त्याच्या बॅगेत काय आहे आणि कोणाला द्यायचं ते नीट वाच, कारण तो विसरेल.

पांघरूण आधी तिकडच्या आजीच्या हातात. त्यांच्या हातांना पट्टे कळतील. पुढे कुठे आणि कसं ठेवायचं ते त्या सांगतील, तुम्ही वाद घालू नका.

लाकडी पट्टी, विणायची, फेलिसा मावशीला. कमरेचा पट्टा मी ठेवून घेतला आहे, रागावू नकोस, ओसरीच्या खांबाला तो तसाच राहू दे.

कापडात बांधलेल्या दोन बलिया, त्या जाड बांगड्या, याडीने स्वतःच्या दंडावरून काढून दिल्या आहेत. त्याही तिकडच्या आजीला. सांगशील, ज्या हातांवर गोंदण आहे त्या हातांसाठी ज्या हातांवर गोंदण आहे त्या हातांकडून.

स्टीलच्या डब्यात तुझ्या आईच्या पद्धतीने धुरावलेलं मटण होतं. लखन म्हणतो विमानात नेऊ देत नाहीत, म्हणून आम्ही ते खाल्लं. डबा रिकामा येईल, तो त्यांच्याकडचं भरून परत पाठव. तो याडीसाठी आहे, आणि ती कबूल करणार नाही.

ज्या ओढणीवर तिने आपल्या बायकांकडून आरसे टाकायला शिकून अर्ध्यापर्यंत काम केलं होतं, ती तुला. अर्धी तशीच ठेव किंवा पूर्ण कर, तुझं तू बघ.

आणि बापू, तो तुझ्या हाती. त्याला आजीसमोर बसव. आईच्या माणसांना त्याला रागावायचं असेल तर रागावू दे, तो ऐकून घेईल, त्यासाठीच निघाला आहे. तुलाही बोलायचं असेल ते तोंडावर बोल, पाठ करून नको. नंतर, तो परत यायला निघेल तेव्हा, रस्त्यापर्यंत सोबत जा आणि बस सुटायच्या आधी मागे वळून डोंगराकडे त्याच्या नावाने हाक मार. नाहीतर तो अर्धा तिथेच राहील, आणि मला इथे पुन्हा दोन खुर्च्या मांडाव्या लागतील.

तुझं नाव मात्र नाही घेतलंस तरी चालेल. तुला तिथे बरं वाटत असेल तर थोडी राहा.

तुझी,
पुष्पाफुफी